ट्रेकची मॅट आणि बसकर कसं निवडायचं? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की फोन सुरू होतात. "दादा, चिखलदऱ्याला चाललो, मॅट कोणती घेऊ?" "पोरगी पहिल्यांदाच हिमालयात चाललीये, तिला काय घेऊन देऊ?" मी बरीच वर्षं सातपुड्यात फिरतो, जमेल तेव्हा हिमालयात जातो, आणि नव्याने जाणाऱ्यांचं सामान निघण्याआधी एकदा उघडून बघतो. त्यातून जमलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

शब्दांचं आधी सांगतो. झोपायची ती मॅट. तीच फोमची, गुंडाळून सॅकला बांधायची असेल तर ट्रेकर तिला कॅरीमॅट म्हणतात. बसायच्या छोट्या तुकड्याला दुकानदार सिट मॅट म्हणतात, पण त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, बसकर. मी तोच वापरणार आहे.

स्लीपिंग बॅग चांगली आहे. मग मॅटवर पैसे कशाला घालायचे?

कारण स्लीपिंग बॅग फक्त वरून आणि बाजूंनी ऊब धरते. अंगाखाली तिचा भरणा दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि उरतात कापडाचे दोन पापुद्रे. ऊब धरते ती अडकलेली हवा. आपल्या घरची कापसाची गादी आठवा. नवी असते तेव्हा थंडीत तिच्यावर पडलं की दोन मिनिटांत गरम वाटतं. दोन-तीन वर्षांत ती बसते, फरशीसारखी होते, मग पिंजारी कापूस पिंजून देतो आणि तीच गादी पुन्हा उबदार होते. कापूस तोच, वजन तेच. फरक मधल्या हवेचा.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. नवेगावबांधच्या बाजूला एका शेतात, मालकाला विचारून, आम्ही जानेवारीत तंबू लावला होता. माझी स्लीपिंग बॅग ५ अंशांपर्यंतची, उत्तम. खाली पांढऱ्या पातळ फोमची मॅट, पॅकिंगला टीव्हीच्या खोक्यात येतो तसला फोम. रात्री तीनला जाग आली ती कमरेपाशी. पोटाला, छातीला घाम यावा इतकं गरम, आणि ज्या कुशीवर झोपलो होतो ती बाजू ओल्या फरशीला टेकल्यासारखी गार. सॅक रिकामी करून अंगाखाली घातली, रेनकोट घातला, दोराचं वेटोळंसुद्धा घातलं. खळ्यावर जागलीला असलेले म्हातारबाबा आमचा बॅटरीचा उजेड बघून आले. काही न बोलता दोन कवळे धानाचं तणस आणून तंबूच्या तळाखाली सारलं आणि म्हणाले, "वरून कितीबी पांघरा, जमीन ऊब वढून घेते जी." सकाळी साडेसातला त्यांनीच हाक मारून उठवलं.

तेव्हापासून पहिल्यांदा जाणाऱ्याला मी एकच गोष्ट बजावतो. मॅट मऊपणासाठी नसते, ती जमिनीपासून ऊब वाचवायला असते. स्लीपिंग बॅगवर जे तापमान छापतात तेसुद्धा खाली बऱ्यापैकी मॅट आहे असं धरूनच मोजलेलं असतं. मॅट कच्ची असली तर बॅगेवरचा आकडा खरा ठरत नाही.

आर-व्हॅल्यू, आर-व्हॅल्यू म्हणतात ते काय?

मॅट उष्णतेला किती अडवते त्याचा आकडा. मोठा आकडा म्हणजे जमीन तुमची ऊब हळू ओढणार. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने हा आकडा काढायची, त्यामुळे दोन कंपन्यांच्या मॅटची तुलना करता येत नसे. २०१८ मध्ये एएसटीएम एफ ३३४० हे मोजणीचं सामाईक मानक आलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत बहुतेक मोठ्या कंपन्यांनी ते स्वीकारलं. पाकिटावर या मानकाचा उल्लेख असेल तर आकड्यावर विश्वास ठेवा. नुसतं 'विंटर मॅट' किंवा 'उणे १० पर्यंत' लिहिलेलं असेल तर त्याला फार अर्थ नाही.

सगळ्यात कामाची गोष्ट अशी की हे आकडे बेरजेत चालतात. १.५ ची फोम मॅट खाली आणि २.५ ची हवेची वर ठेवली की जवळपास ४ मिळतात. म्हणून पहिली साधी फोम मॅट कधीच वाया जात नाही. पुढे कितीही भारी मॅट घेतली तरी ती खाली घालायला उपयोगी पडते.

आपल्या भागात किती आर-व्हॅल्यू लागते?

आपल्याकडच्या थंडीला लोक हलकं समजतात. नागपूर उन्हाळ्यासाठी बदनाम, म्हणून थंडी विसरली जाते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तोही शहरात. उघड्या रानात, नाल्याकाठी किंवा तळ्याच्या बाजूला त्याहून गार असतं, कारण थंड हवा जड असते आणि सखल जागेत साचते. रामटेकजवळ खिंडसी तळ्याच्या काठावर झोपणाऱ्याला गडावर झोपणाऱ्यापेक्षा जास्त थंडी वाजते ती यामुळेच.

ऑक्टोबर, नोव्हेंबर, फेब्रुवारी-मार्चला रामटेक, उमरेडच्या बाजूला, सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर १ ते २ पुरते. डिसेंबर-जानेवारीत चिखलदरा (उंची सुमारे १,१०० मीटर), पचमढी, तामिया, पातालकोट अशा ठिकाणी २ ते ३ धरा. पचमढीजवळचं धूपगढ १,३५२ मीटरवर आहे आणि तिथला वारा निराळाच. हिमालयात बर्फ नसताना ३ ते ४, बर्फावर झोपायचं असेल तर ५ किंवा त्याहून वर.

ज्यांना घरातही पाय गार पडायची तक्रार असते त्यांनी या आकड्यांत एकाची भर घालावी. बायकांना साधारणपणे झोपेत पुरुषांपेक्षा जास्त थंडी वाजते. स्लीपिंग बॅगच्या मानकातसुद्धा यासाठी दोन वेगळी तापमानं देतात. बहिणीसाठी, बायकोसाठी मॅट घेताना आपल्या अंगावरून अंदाज बांधू नका.

आणि जागेचं एक. ताडोबा, पेंच, मेळघाट या व्याघ्रप्रकल्पांत मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. वनविभागाच्या किंवा परवानगी असलेल्या मुक्कामाच्या जागीच राहायचं. मॅट घ्यायच्या आधी मुक्काम नक्की करा, कारण अशा बऱ्याच ठिकाणी पलंग-गादी मिळते आणि तुम्हाला फक्त बसकर लागतं.

फोमची, स्वतः फुगणारी की हवेची?

तीन जाती आहेत आणि तिन्ही माझ्याकडे आहेत.

फोमची कॅरीमॅट. बंद छिद्रांचा फोम, म्हणजे आतले बुडबुडे एकमेकांपासून वेगळे, म्हणून पाणी शोषत नाही. १० मिमी जाडीची असेल तर आर-व्हॅल्यू साधारण १ ते १.५, वजन ३०० ते ४५० ग्रॅम. फुटत नाही, फुगवावी लागत नाही, काट्यावर टाका, दगडावर टाका. अंड्याच्या ट्रेसारखे उंचवटे असलेली, घडी होणारी जात थोडी जास्त उबदार. त्यातली प्रसिद्ध झेड लाइट सोल ४१० ग्रॅमची आहे आणि तिची आर-व्हॅल्यू २. तोटे दोन: जागा खाते आणि कठीण लागते.

स्वतः फुगणारी. आत स्पंजसारखा उघड्या छिद्रांचा फोम आणि बाहेर हवाबंद कापड. झडप उघडली की फोम फुलतो आणि हवा आपोआप आत ओढली जाते. शेवटी दोन-चार फुंकरा माराव्या लागतात, हे दुकानदार सांगत नाही. ही कल्पना सिॲटलमध्ये बोईंगमधून बाहेर पडलेल्या अभियंत्यांची. १९७२ साली त्यांनी थर्म-ए-रेस्ट हा मॅटचा ब्रँड सुरू केला आणि आज या जातीच्या सगळ्या मॅट त्याच वाटेने आल्या आहेत. वजन ७०० ग्रॅमपासून दीड किलोपर्यंत. गाडीने जाऊन तंबूत राहायचं, घरची मोठी माणसं सोबत आहेत, अशा वेळी मी हीच सांगतो.

हवेची. सहा ते दहा सेंटीमीटर जाड, गुंडाळली की पाण्याच्या बाटलीएवढी. इथे एक घोळ कायम होतो. नुसती हवा भरलेली मॅट उबदार नसते. आतली मोकळी हवा फिरत राहते, वरची ऊब खाली नेऊन सोडते, म्हणून साध्या हवेच्या गादीची आर-व्हॅल्यू १ च्या आसपासच असते, जाडी कितीही असो. चांगल्या मॅटमध्ये आत चंदेरी पडदे किंवा तंतूंचा भरणा घालून ही हवा अडवलेली असते. त्यामुळे थर्म-ए-रेस्टची निओएअर एक्सलाइट एनएक्सटी ३७० ग्रॅममध्ये ४.५ देते आणि एक्सथर्म एनएक्सटी ४४० ग्रॅममध्ये ७.३. किंमतही तशीच आहे. जाडी बघून हवेची मॅट घेणारे थंडीत फसतात. आर-व्हॅल्यू छापलेलीच नसेल तर ती १ आहे असं धरा.

माझं मत विचाराल तर पहिल्या दोन वर्षांत फोमचीच घ्या. विदर्भातल्या रानात तिला तोड नाही. का ते काट्यांच्या प्रश्नात येईल.

योगा मॅट चालेल का? घरी आहेच.

एखाद्या रात्रीपुरती, मार्च महिन्यात, चालेल. थंडीत नाही. योगा मॅट घसरू नये म्हणून केलेली असते. ती जड असते, ४ ते ६ मिमीची असते आणि ऊब फारशी अडवत नाही. पीव्हीसीची असेल तर गारठ्यात कडक होते. तेवढ्याच वजनात दोन कॅरीमॅट येतात.

सतरंजी, गोधडी, शिंदीची चटई नेली तर?

गाडी थेट मुक्कामापर्यंत जात असेल तर बिनधास्त न्या. गोधडी खाली घातली तर छान ऊब धरते. अडचण वजनाची आणि ओलाव्याची आहे. कापूस दव पितो, सकाळी जड होतो आणि सॅकमध्ये वाळत नाही. शिंदीची चटई थंडी फारशी अडवत नाही, पण हवेच्या मॅटखाली काट्यांपासून बचाव म्हणून उत्तम आहे. हा उपयोग मी उमरेडकडच्या एका बाईंकडून शिकलो. त्या अंगणात प्लास्टिकची चटई टाकायच्या आधी नेहमी शिंदीची पसरायच्या.

दुकानात फोम कसा ओळखायचा?

ट्रेकिंगच्या दुकानातही तपासा आणि नागपूरच्या बर्डीत रेक्झिन-फोमच्या दुकानातून शीट कापून घेत असाल तर नक्कीच तपासा. मी सोबत पट्टी नेतो. एकदा १० मिमी म्हणून घेतलेली मॅट घरी मोजली तर ६ मिमी भरली आणि दुकानदाराने परत घेतली नाही. आता काउंटरवरच तीन ठिकाणी जाडी मोजतो.

मग अंगठा जोरात दाबायचा, दहा अंक मोजायचे, सोडायचं. खड्डा लगेच भरून आला तर फोम चांगला. अंगठ्याचा ठसा उमटून राहिला तर चार रात्रींत तो तुमच्या कमरेच्या आकाराचा होणार. नंतर कोपरा पूर्ण दुमडून नखाने घडी दाबा. पांढरी रेघ उठली किंवा बारीक चीर पडली तर नको. कापलेल्या कडेकडे उजेडात बघा. डोळ्यांना सहज दिसणारे मोठे बुडबुडे आणि दाबल्यावर करकर आवाज म्हणजे ईपीई, तोच पॅकिंगचा पांढरा फोम. तो स्वस्त आणि हलका असतो, पण लवकर बसतो. कडा गुळगुळीत, छिद्रं बारीक, हाताला रबरासारखा लवचिक म्हणजे ईव्हीए किंवा एक्सएलपीई. हाच घ्या. शीट १८० सेंटीमीटर लांब आणि ५० ते ५५ रुंद कापून मागा, आणि उरलेला तुकडा टाकू नका. त्याचं बसकर होतं.

हवेची मॅट काट्याने फुटली तर?

फुटणारच, असं धरून चाला. आपलं रान म्हणजे बाभूळ, बोर, हिवर, आणि जमिनीवर सराटे. सराट्याचं फळ कसंही पडलं तरी एक काटा वर राहतो. थंडीत वाळलेल्या गवताची कुसळं आणखी वाईट. ती तंबूच्या तळातून पीळ घेत आत शिरतात, दिसतही नाहीत, आणि पहाटे चारला पाठ जमिनीला टेकते.

तंबू लावायच्या आधी जागा हाताने झाडायची, चपलेने नाही. तळहात जमिनीवर फिरवला की जे टोचेल ते मॅटलाही टोचणार होतं. मग तंबूखाली जाड प्लास्टिक किंवा ताडपत्री, आत फोमचा पातळ थर, त्यावर हवेची मॅट. मोज्यांना चिकटलेली कुसळं तंबूबाहेर काढून टाका. मी बघितलेल्या फुटक्या मॅटपैकी निम्म्या तरी जमिनीतल्या काट्याने नाही, मोज्यातून आत आलेल्या कुसळाने फुटल्या.

छिद्र शोधायला घरी टब असतो, रानात नसतो. मॅट कडक फुगवा, मगात थोडं पाणी घेऊन साबणाचा फेस करा, रुमालाने पट्टीपट्टीने पुसत चला. जिथे बारीक फुगा उठून वाढत जातो तिथे पेनाने गोल करा. वाळवा, हवा पूर्ण काढा, जागा स्पिरिटच्या फडक्याने पुसा, मग ठिगळ लावा. हवा आत असताना लावलेलं ठिगळ उचकटतं. सोबत आलेलं ठिगळाचं पाकीट घरी कपाटात ठेवू नका, मॅटच्याच पिशवीत ठेवा.

उन्हाळ्यात मॅट लागते का?

गच्चीवर झोपायला नाही लागत, तिथे ओली फरशी आणि चादर पुरे. बाहेर मुक्काम असेल तर दिवसभर तापलेला दगड रात्री बारापर्यंत खालून भाजतो, आणि तीच मॅट ती धग अडवते. जास्त आर-व्हॅल्यूच्या मॅटने उन्हाळ्यात त्रास होत नाही. त्रास होतो तो घामाने पाठ प्लास्टिकला चिकटल्याचा. वर सुती चादर टाका, प्रश्न मिटला.

खरा धोका वेगळा आहे. मे महिन्यात नागपुरात बंद गाडीच्या डिकीत ठेवलेल्या मॅटचं काय होतं ते मी पाहिलंय. स्वतः फुगणाऱ्या मॅटमध्ये फोम आणि कापड डिंकाने चिकटवलेलं असतं. तो डिंक उष्णतेने सुटतो आणि मधोमध टरबुजाएवढा फुगा येतो. त्याला दुरुस्ती नाही. हवेची मॅट फुगवून उन्हात ठेवली तर आतली हवा पसरून शिवणी फाटतात. उन्हात ठेवायचीच असेल तर झडप उघडी ठेवा.

पावसाळ्यात? आम्ही नागद्वारला जातो.

नागपंचमीच्या सुमाराला पचमढीच्या डोंगरात नागद्वारला जाणाऱ्यांत आपल्या विदर्भातली माणसं किती असतात हे सांगायला नको. तिथे चिखल, पाऊस आणि गर्दी तिन्ही एकत्र. फक्त बंद छिद्रांचा फोम न्या. तो भिजला तर झटकला की कोरडा. हवेच्या मॅटवर कुणाचा तरी पाय पडणार आणि स्पंजवाली ओली झाली तर वाळणार नाही. पूर्ण लांबीची नेऊ नका, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत येईल एवढी १२० सेंटीमीटर पुरते, पायाखाली रिकामी सॅक घालायची. गुंडाळी मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी रात्री चपलांसाठी.

चंदेरी बाजू वर की खाली?

वर, अंगाकडे. पण फरक थोडाच पडतो. चकाकी उष्णता परतवते ती मध्ये हवेची फट असली तर. अंग थेट टेकलं की तिचं काम जवळपास संपतं. नुसत्या चंदेरी थरासाठी जास्त पैसे देऊ नका, तेवढ्यात जाडी वाढवून घ्या.

झोपताना मॅट कडक असते, पहाटे मऊ पडते. गळते का?

बहुतेक वेळा नाही. हवा थंड झाली की आकसते. संध्याकाळी २५ अंशांत भरलेली हवा पहाटे शून्याला आली तर सुमारे ८ टक्के कमी जागा घेते. झोपायच्या अगदी आधी, बाहेर गारठा पडल्यावर, पुन्हा थोडी भरा. खरी गळती ओळखायची तर घरी संध्याकाळी फुगवा, वर दोन जाडजूड पुस्तकं ठेवा, पंखा-कूलर बंद ठेवून खोलीत तशीच सोडा. सकाळी सपाट झाली असेल तर गळते.

तोंडाने फुंकण्यापेक्षा पंपाची पिशवी वापरा. श्वासातली वाफ आत जाऊन साचते, पुढे बुरशी धरते, आणि बर्फात तर तीच आत गोठते.

मी कुशीवर झोपतो. आईला कंबरेचा त्रास आहे. काय घेऊ?

पाठीवर झोपणाऱ्याचं वजन सगळीकडे वाटलं जातं. कुशीवर झोपणाऱ्याचं सगळं वजन खांदा आणि खुबा या दोन ठिकाणी येतं, त्यामुळे १० मिमी फोम त्यांना पुरत नाही. दुकानात मॅट पसरून तिच्यावर कुशीवर पडा आणि खुब्याखाली तळहात सरकवून बघा. हाडाला जमीन लागत असेल तर ती मॅट तुमची नाही. लाजू नका, जो दुकानदार आडवं पडू देत नाही त्याच्याकडून घेऊच नका.

आईसाठी स्वतः फुगणारी, निदान ५ सेंटीमीटर जाड आणि ६० सेंटीमीटरहून रुंद. नेहमीची रुंदी ५१ असते, त्यात हात बाहेर लोंबतो. आणि जमिनीवरून उठताना कंबरेला सगळ्यात जास्त त्रास होतो, म्हणून शेजारी टेकायला काहीतरी भक्कम ठेवा. मॅटने तो प्रश्न सुटत नाही. नवी मॅट घेऊन थेट डोंगरात जाऊ नका. थंडीत एक रात्र घरच्या फरशीवर पंखा बंद करून झोपवून बघा. जी तक्रार असेल ती तिथेच कळते.

बाज किंवा घडीची कॉट नेली तर मॅट नको ना?

उलट, जास्त हवी. गावाकडे थंडीत बाजेवर आधी गोधडी अंथरतात आणि मग झोपतात, ते उगाच नाही. खालून वारा खेळतो आणि ऊब घेऊन जातो. उन्हाळ्यात बाजेसारखं सुख नाही, जानेवारीत कॉटवरसुद्धा कॅरीमॅट घाला.

बसकर खरंच लागतं का? ५०० ग्रॅम वाचवायला आम्ही धडपडतो.

बसकराचं वजन ५० ते १०० ग्रॅम, आकार साधारण ३० बाय ४० सेंटीमीटर. सॅकमधली एवढी स्वस्त आणि एवढी वापरली जाणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. झोपायची मॅट दिवसातून एकदा उघडते, बसकर दहा वेळा.

हे समजायला पचमढीजवळच्या चौरागढची चढण आठवा. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन हजाराहून जास्त पायऱ्या चढणारे लोक मधे कुठे कुठे बसतात, तो दगड सकाळी गार आणि ओला असतो. घामाने भिजलेलं अंग तशा दगडावर दहा मिनिटं टेकलं की खालून गारठा चढतो, आणि पुढची चढण सुरू करताना पाय आखडलेले असतात. बसकर असेल तर माणूस नीट बसतो, नीट खातो. नसेल तर उभ्याउभ्या पाणी पिऊन पुढे निघतो आणि दुपारी थकतो.

बसण्याशिवायचे उपयोग मी एकेक करून शिकलो. तंबूत बूट काढल्यावर गार तळावर पाय ठेवायला. रात्री फोम मॅटवर खुब्याखाली, म्हणजे कुशीवर झोपणाऱ्याला नेमकी हवी तिथे दुप्पट जाडी मिळते. कपड्यांच्या पिशवीखाली घालून उशी उंच करायला. चूल फुंकायला. गुडघे टेकून तंबूच्या खुंट्या ठोकायला. आमच्यासोबतच्या एका मुलाचा घोटा मुरगळला तेव्हा दोन बसकरं पायाभोवती गुंडाळून, वरून ओढणी बांधून त्याला आम्ही खाली आणलं. फोम लवचिक असतो, पण गोल वळवला की चांगला ताठ आधार देतो.

फक्त पेटत्या स्टोव्हखाली ठेवू नका. फोम वितळतो आणि जळलेल्या रबरासारखा वास दोन दिवस जात नाही.

घ्यायचं कसं? घडीचं, चार पदरांचं, १५ मिमीपर्यंत जाड असेल तर उत्तम. फुगवायचं बसकर घेऊ नका. फुंकायला लागतं म्हणून ते बाहेर निघतच नाही. बसकर सॅकच्या बाहेरच्या खिशात असलं पाहिजे, हात मागे नेला की मिळेल असं. रंग भडक घ्या, नारिंगी किंवा पिवळा. गवतात विसरलेली हिरवी बसकरं मी तीन तरी सातपुड्यात सोडून आलोय.

ट्रेकला नेणारी संस्था मॅट देते. मग स्वतःची नेऊ?

विचारा, जाडी किती आणि माणशी किती. अनेक जणांनी वापरून बसलेली ८ मिमीची एक मॅट बर्फाच्या ट्रेकला पुरत नाही. अशा वेळी स्वतःची हलकी फोम मॅट सोबत असली की दोन थर होतात. बसकर मात्र कुणी देत नाही, ते स्वतःचंच.

केदारकंठाला डिसेंबरात जातोय. नेमकं काय घालू खाली?

उत्तराखंडातलं हे शिखर ३,८०० मीटरच्या आसपास आहे आणि मुक्काम बर्फावर असू शकतो. खाली फोमची पूर्ण लांबीची, वर ४ किंवा त्याहून जास्त आर-व्हॅल्यूची हवेची किंवा स्वतः फुगणारी. बेरीज ५ च्या पुढे गेली पाहिजे. एक फुटली तरी दुसरी तुम्हाला सकाळपर्यंत नेते, म्हणून बर्फात मी नुसत्या हवेच्या मॅटवर कुणालाच पाठवत नाही. दोन्हींची निसटानिसटी होते, तेव्हा मध्ये दोन सैल रबरी पट्टे लावा.

पैसे मर्यादित आहेत. आधी काय घेऊ?

आधी १० मिमी ईव्हीए फोम मॅट आणि तिच्याच तुकड्याचं बसकर. हे शेकड्यांत होतं. मग स्लीपिंग बॅग. हवेची मॅट, जी हजारांत जाते, सगळ्यात शेवटी आणि हिमालयाला जायचं ठरल्यावरच. बरेच जण उलट करतात, बॅगेवर आठ-दहा हजार घालतात आणि खाली पॅकिंगचा फोम टाकतात. तीच रात्र मी नवेगावला काढली होती.

घरी कशी ठेवायची?

हवेची आणि स्वतः फुगणारी मॅट उघडी, सैल, झडप खुली, पलंगाखाली किंवा कपाटामागे उभी. घट्ट गुंडाळून ठेवली तर फोम दबलेलाच राहायला शिकतो. पावसाळ्यात उघडीप बघून एकदा बाहेर काढून फुगवून बघा. फोमची गुंडाळी सैल बांधा आणि उंदरांपासून जपा. कुरतडायला त्यांना ईव्हीए फार आवडतो.

जुनी मॅट बसली आहे. टाकून देऊ?

नको. कमरेखालचा भाग बसतो, दोन्ही टोकं शाबूत असतात. १८० बाय ५० च्या मॅटची दोन्ही टोकं ४०-४० सेंटीमीटर कापली की प्रत्येकी एक मोठं बसकर मिळतं. त्याच्या कडा मेणबत्तीच्या ज्योतीजवळून नुसत्या फिरवल्या की तुटत नाहीत. मधला एक मीटरचा तुकडा हवेच्या मॅटखाली काट्यांसाठी ठेवा. माझा असा एक तुकडा चौदा वर्षांचा आहे, त्यावर बाभळीच्या काट्यांची भोकं मोजता येत नाहीत, आणि त्याच्या वरच्या मॅटला त्यातलं एकही लागलेलं नाही.